खंडेनवमीला थांबलेलं जाळं

माझा स्वभाव जळका आहे. घरात ते सगळ्यांना माहीत आहे, डिपार्टमेंटमध्ये शिपायापासून प्रमुखांपर्यंत माहीत आहे, तेव्हा वाचकांपासून लपवून काय उपयोग? शेजारणीच्या कुंडीत जास्वंद फुललं तरी मला दोन दिवस अन्न गोड लागत नाही. अशा बाईला विद्यापीठाने मंगल शेळकेचं काम तपासायला नगर जिल्ह्यात पाठवलं, ही चूक विद्यापीठाची. नगरला आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेचं वळण काही लगेच जात नाही.

मंगल आणि मी पुण्यात एका वर्गात शिकलो. मी पुण्यातच राहिले, विद्यापीठात लागले, प्रोफेसर झाले. ती कोल्हारच्या बाजूला आपल्या माहेरगावाजवळच्या कॉलेजात गेली. तेव्हा मला तिची कीव आली होती. विषय मात्र दोघींचा एकच राहिला, ग्रिड कॉम्प्युटिंग. सोपं करून सांगते. एखाद्या बाईला लग्नघरचे सगळे पापड एकटीने लाटायला सांगितले तर ती कंबर धरून बसेल. तेच गल्लीतल्या बायका आपापलं पोळपाट घेऊन आल्या की दुपारपर्यंत काम उरकतं. ग्रिड म्हणजे हेच. एक अवाढव्य काम घ्यायचं, त्याचे तुकडे करायचे आणि गावोगावच्या रिकाम्या बसलेल्या साध्या कॉम्प्युटरांना वाटून द्यायचे. हे तुकडे इकडून तिकडे लवकर कसे पोचवायचे, हा माझा खास विषय. कारण पीठच वेळेवर आलं नाही तर बायका नुसत्या गप्पा मारत बसणार.

मंगलच्या कॉलेजने संशोधन केंद्राच्या मान्यतेसाठी अर्ज केला होता. मान्यता मिळाली की पीएच.डी.ची मुलं तिच्याकडे नाव नोंदवू शकणार. आणि त्यात पहिली जाणार होती अश्विनी भांगरे. राजूरच्या डोंगरातली ही मुलगी माझ्याकडे पीएच.डी. करते आणि माझ्या लॅबमध्ये तिच्याइतकं हुशार कुणी आलेलं नाही. तिने मला तोंडावर विचारलं होतं, "मॅडम, तिकडं मान्यता मिळाली तर मी तिकडं जाऊ का?" मी म्हटलं, "बघू." या 'बघू'चा अर्थ मराठीत सगळ्यांना कळतो, तिलाही कळला.

तपासणीच्या समितीत आम्ही तिघं होतो. एकांना ताप आला, दुसऱ्यांच्या मुलीचं बाळंतपण निघालं. राहिले मी. या विषयातली माणसंच मूठभर, परीक्षक तरी दुसरा कुठून आणणार? म्हणजे मी 'हो' लिहिलं तर माझी पोरगी जाणार, 'नाही' लिहिलं तर मंगलचं केंद्र जाणार. नवरात्र संपत आलं होतं. मी साडीऐवजी ड्रेस भरले, अॅसिडिटीच्या गोळ्या घेतल्या आणि निघाले.

पारनेर

सुप्याच्या फाट्यावर मंगल स्वतः गाडी घेऊन आली होती. केस पांढरे झालेत, रंगवत नाही. मी रंगवते. तिला पाहिल्यावर पहिली जळजळ तिथेच सुरू झाली, कारण पांढऱ्या केसांत ती माझ्यापेक्षा बरी दिसत होती.

"नीलू, जाड झालीस," ती म्हणाली.

"तू काळी झालीस," मी म्हटलं. मग दोघी गाडीत बसलो.

पारनेरचा रस्ता उघडाबोडका आहे. मुरमाड टेकड्या, त्यांच्यावर गरगर फिरणाऱ्या पवनचक्क्या आणि खाली ज्वारीच्या पेरणीला तयार केलेली काळी-तांबडी रानं. पुण्याहून येणाऱ्याला इथली हवाच आधी जाणवते. अशी कोरडी की नाक आतून चुरचुरतं. पारनेरच्या कॉलेजची लॅब मात्र गजबजलेली होती. मशीन जुनाट, आमच्याकडे भंगारात काढतो तसली. पण प्रत्येकीवर पोरांनी पांढऱ्या रंगाने नाव घातलेलं. एकीचं नाव 'काशी', एकीचं 'सर्जा'.

मी परीक्षकाच्या थाटात काम दिलं. राजूरच्या बाजूला गावकऱ्यांनी झाडांना कॅमेरे बांधले आहेत. बिबट्या कुठून येतो, कधी येतो, हे कळावं म्हणून. त्या कॅमेऱ्यांत फोटोंचा ढीग साचतो आणि त्यातल्या बहुतेकांत बिबट्या नसतो. शेळ्या, कुत्री, सरपणाला जाणाऱ्या बाया. तो सगळा ढीग कॉम्प्युटरकडून निवडून घ्यायचा. मंगलचं जाळं चार ठिकाणी पसरलेलं आहे. पारनेर, राजूर, तिचं स्वतःचं कॉलेज आणि कोल्हारपासून जवळच चर्चच्या आवारातली एक शाळा. चौघांनी मिळून खंडेनवमीच्या संध्याकाळपर्यंत ढीग निवडून माझ्यापुढे ठेवायचा. जमलं तर जमलं.

"आणि मधेच लाईट गेली तर?" मी एका पोराला मुद्दाम विचारलं.

"जाऊ द्या की मॅडम," तो म्हणाला. "लाईट तर रोजच जाती. लाईट गेली म्हनून काय आमी काम करायचं न्हाई व्हय?"

हे काही उत्तर झालं नाही, असं मी मनात टिपून ठेवलं.

जेवायला पोरींनी डब्यातून हुलग्याचे शेंगोळे आणले होते. शेंगोळे आमच्याकडेही करतात, पण पातळ, हात राखून. हे लसणाने नुसते घमघमत होते. मी दोनदा वाढून घेतले आणि मग दिवसभर पोटाला हात लावून हिंडले. निघताना मंगलने झेंडूच्या फुलांची अख्खी पोती गाडीत टाकली. परवाच्या पूजेला चारही ठिकाणी लागतात म्हणे. एक पोतं माझ्या मांडीवर आलं. मला झेंडूने शिंका येतात हे मला तेव्हा कळलं. नगर ओलांडेपर्यंत मी शिंकत होते आणि मंगल गाडी चालवता चालवता हसत होती.

कोल्हार

नगर-मनमाड रस्त्याला लागलं की रंग पालटतो. ऊस, पेरूच्या बागा, गुरांसाठी लावलेला घास, पुन्हा ऊस. प्रवरेवरच्या पुलावरून जाताना नदीला भरपूर पाणी दिसलं. पारनेरच्या पोरांना हे पाणी बघून काय वाटत असेल, असा विचार मनात आला. मग वाटलं, मला मंगलकडे बघून जे वाटतंय तेच त्यांना वाटत असणार.

मंगलच्या लॅबमध्ये भिंतीवर मोठा पडदा होता आणि त्यावर चार गावांची चार नावं. काम चालू असलं की नावापुढे हिरवा ठिपका. चारही हिरवे होते. मी म्हटलं, दाखवण्यापुरतं कुणीही हिरवं करील. परीक्षक म्हणून मला अधिकार होता, तो मी वापरला. टेबलाखाली वाकले आणि एका रांगेतल्या मशीनची वायर उपटली.

 पडद्यावर कोल्हारचा ठिपका क्षणभर पिवळा झाला. त्या मशीनचे राहिलेले तुकडे दुसऱ्या रांगेकडे गेले आणि ठिपका परत हिरवा झाला. मागून एक पोरगी म्हणाली, "मॅडम, अजून एक उपटा ना. भारी वाटतं बघायला."

मी दुसरी उपटली नाही. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

तिथेच साळवे सर भेटले. चर्चच्या शाळेतले गणिताचे शिक्षक, साठीला आलेले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. हातात पेरूंची पिशवी. बोलणं इतकं अदबीचं की आपलीच जीभ आपल्याला खरखरीत वाटावी. या चार ठिकाणांचा आपसातला करार त्यांनीच मला समजावून सांगितला.

"त्याचं असं आहे मॅडम, नाताळात आणि ईस्टरला आमची मशीन बंद असतात. तेव्हा ही तिन्ही ठिकाणं आमचा भार ओढतात. खंडेनवमीला यांच्याकडे यंत्रांची पूजा होते, त्या दिवशी यंत्राला हात लावत नाहीत. तेव्हा आम्ही एकटे ओढतो. गेली कित्येक वर्षं असंच चाललंय. जाळं कधी पूर्ण थांबलेलं नाही."

आमच्या लॅबमध्ये अशा वाटण्या आम्ही प्रोग्रामवर सोडतो आणि त्या प्रोग्रामवर पेपर लिहितो. इथे त्या दोन धर्मांच्या सणांनी करून टाकल्या होत्या. मी पेरू खाल्ला. गोड होता, हे आणखी वाईट.

राजूर

दुसऱ्या दिवशी संगमनेर, अकोले करत राजूरला गेलो. अकोल्याच्या पुढे डोंगर जवळ यायला लागतात आणि भाताची खाचरं सुरू होतात. उतारांवर सोनकी फुलली होती. सगळा डोंगर हळदीने माखल्यासारखा पिवळा. मंगलने गाडी थांबवून मला राजूरचे पेढे घेऊन दिले. खवा खमंग भाजलेला, साखर बेताची. पुण्यात इतकी दुकानं आहेत, पण असा पेढा नाही. घरी न्यायला घेतलेला पुडा अर्धा गाडीतच संपला.

तिथल्या कॉलेजच्या लॅबमध्ये शिरलो तर समोर अश्विनी. सुट्टीला घरी आली आहे, असं तिने मला सांगितलं होतं. घरी कुठली, ती पोरींबरोबर खाली मांडी घालून बसून त्यांना शिकवत होती. पुण्यात ही मुलगी दिवसाला चार वाक्यं बोलते. इथे तिची टकळी चालू होती. मला बघून ती उठली, नमस्कार केला आणि पुन्हा पुण्यातल्यासारखी गप्प झाली. मला फार लागलं ते. माझ्यासमोर ती गप्प होते आणि मंगलच्या डब्यातली भाकरी न विचारता मोडून घेते.

इथलं नेट म्हणजे आनंद आहे. ढग आले की जातं, वारा सुटला की जातं. मी विचारलं, मग इतके फोटो खाली कोल्हारला पोचतात कसे? अश्विनी मंगलकडे बघायला लागली. मंगलने शांतपणे सांगितलं की लाईन खराब असली आणि फोटो फार झाले की प्रोग्राम स्वतःच ठरवतो, डिस्कवर उतरवा आणि सकाळच्या दुधाच्या टेम्पोत द्या. टेम्पो दुपारच्या आत पोचतो, लाईनने आठवडा लागला असता. माझी उभी हयात डेटा लवकर पोचवण्यात गेली आणि इथे माझा विषय दुधाच्या कॅनशेजारी बसून चालला होता. हसावं की रडावं ते कळेना. प्रोग्राम मी नीट वाचून पाहिला. टेम्पोला किती वेळ लागतो, घाटात किती, रविवारी किती, सगळं त्यात धरलेलं होतं आणि ते बरोबर होतं.

दुसरी गोष्ट मात्र माझ्या डोक्यात अजून फिरते आहे. कामं वाटताना आमच्याकडे ज्याची लाईन दांडगी त्याला आधी. एकूण वेग त्यामुळे वाढतो, निदान कागदावर. मंगल उलटं करते. ज्याची लाईन सगळ्यात मरतुकडी, त्याला आधी. मी म्हटलं, हा काय उफराटा कारभार?

"कॅनॉलचं पाणी कसं देतात माहितीय ना तुला?" मंगल म्हणाली. "टेलला आधी. शेवटच्या शेतापासून भिजवत वर यायचं. मुखाशी बसलेला कधी उपाशी राहतो का? तो घेतोच. टेलचा राहतो. मग एकदा का टेलच्या माणसाला कळलं, की आपल्यापर्यंत काही येत नाही, की तो जाळ्यात राहील कशाला?"

"पण मॅडम, गंमत अशी," अश्विनी आता मोकळी झाली, "पान्याच्या बाबतीत आमी मुखाशी. धरण आमच्या उशाला. आमच्या डोळ्यांदेखत पानी खाली कोल्हारला जातं. आन् नेटच्या बाबतीत आमी टेलला. म्हनून शेळके मॅडम म्हनाल्या, तुमचं पानी आमी पितो, तर नेट आधी तुमाला."

त्यावर पोरी हसल्या. त्यांना हे सगळं 'शेड्युलिंग' आहे, यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत, हे कुणी सांगितलेलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं. पण आधी कॅनॉल, मग पुस्तक. मी पुण्यात आधी पुस्तक शिकवते आणि मग कॅनॉल शिकवायचं राहूनच जातं. परतताना गाडीत मी डोळे मिटून बसले. मंगलला वाटलं मला झोप लागली. मी जळत होते.

खंडेनवमी, कोल्हार

सकाळी लॅबमध्ये गेले तर मशीन झेंडूच्या माळांनी झाकून गेलेली. प्रत्येक कीबोर्डवर हळदीकुंकू, पुढे नारळ, उदबत्तीचा वास. पारनेर आणि राजूरलाही हेच चाललं असणार. पोरं नवे कपडे घालून आलेली, आरती झाली, प्रसाद वाटला. लॅबचं मेन स्विच खाली. पडदा तेवढा एका छोट्या बॅटरीवर चालू होता. तीन ठिपके लाल, चर्चच्या शाळेचा हिरवा. ठरल्याप्रमाणे.

मी प्रसादाचं केळं सोलत होते तेवढ्यात चौथा ठिपकाही लाल झाला.

मंगलने फोन लावला. तिने स्पीकरवर ठेवला म्हणून मलाही ऐकू आलं. साळवे सर म्हणत होते, "मॅडम, आज आमचीही बंद ठेवली. पुण्याच्या मॅडम आल्यात. तुमच्या सणाच्या दिवशी आमची एकट्याची चालू, ते बरं दिसलं नसतं. मुलांनी फुलंही वाहिली. तुम्ही पोती पाठवलीत ना, त्यातली."

 मंगल म्हणाली, "बरं केलंत सर."

 कधी न थांबलेलं जाळं परीक्षक समोर बसलेली असताना थांबलं होतं. तेही चोरीने नाही, भांडणाने नाही, तर साळवे सरांनी माझा मान ठेवायला म्हणून. आणि मला आनंद झाला. खरं तेच लिहिते आहे. पोटात गार पडलं. काम संध्याकाळपर्यंत होणार नव्हतं, मला 'नाही' लिहायला कारण मिळालं होतं आणि अश्विनी माझ्याकडे राहणार होती. पण चेहरा गंभीर ठेवून मी म्हटलं, "मंगल, स्विच वर कर. एवढं काय त्यात? मी काही कुणाला सांगणार नाही."

"नको," ती म्हणाली.

"अगं, मान्यतेचा प्रश्न आहे. देव काय रागावतो का?"

"देवाचं मला माहीत नाही. पोरांनी फुलं वाहिलीत. त्यांना मीच सांगितलं, की आज यंत्रांना विश्रांती. आता पुण्याच्या मॅडम बसल्यात म्हणून मी ती फुलं बाजूला करू? उद्या ही पोरं माझ्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवतील?"

तासाभराने साळवे सर मोटारसायकलवरून आले. तपासणीचं काम अडल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. इस्त्रीचा शर्ट घामाने भिजलेला, तोंड एवढंसं. "मॅडम, माझं चुकलं. मी आत्ता जाऊन चालू करतो. आमच्याकडे तर काही अडचणच नाही."

मंगल म्हणाली, "सर, बसा. पाणी घ्या. तुम्ही मान दिलात, तो परत घ्यायचा नसतो. राहू द्या आता."

आणि त्यांना तिने आपल्या हाताने केळं सोलून दिलं. मला वाटलं, ही बाई वेडी आहे. इतक्या वर्षांचं काम, आणि केळं सोलत बसली आहे. पण लॅबमधली पोरं तिच्याकडे ज्या नजरेने बघत होती, तसं माझ्याकडे माझ्या वर्गातलं कुणी कधी बघितलेलं नाही. गार पडलेलं पोट पुन्हा पेटलं.

"नीलू, उद्यापर्यंत राहतेस?" तिने विचारलं. "उद्या दसरा. उद्या उघडू."

मी राहिले. कशासाठी? बुडालेलं नीट बुडालेलं आहे ना, ते बघायला. पूर्ण दिवस बंद पडलेलं काम म्हणजे काय असतं, ते मला चांगलं माहीत होतं. आमच्या पुण्याच्या लॅबला मोठ्या बॅटऱ्या आहेत, जनरेटर आहे. एकदाच दोन्ही बंद पडली होती, तेव्हा आठवड्याचं काम पाण्यात गेलं आणि आम्हाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. उद्या मंगललाही तेच करावं लागणार, असं मी धरून चालले होते.

दसरा

दसऱ्याला पोरं आंघोळी करून आली. नारळ फोडला, मग एकेका मशीनवरची माळ त्यांनी स्वतः उतरवली. मेन स्विच वर गेलं. राजूरला अश्विनीने, पारनेरला तिथल्या पोरांनी आणि शाळेत साळवे सरांनी मशीन चालू केली. पडद्यावर चार ठिपके पिवळे झाले.

मी पहिल्या फोटोची वाट बघत होते. पहिला फोटो आलाच नाही. काल जिथे थांबलं होतं त्याच्या पुढचाच फोटो आला. आणि त्याच्या पुढचा.

"हे कसं?" मी विचारलं. आवाज जरा चिरका निघाला.

"आमची मशीन दर थोड्या वेळाने खूण ठेवतात," मंगल म्हणाली, "इथपर्यंत झालं म्हणून. ठेवावीच लागते. इकडे लाईट दिवसातून कितीदा जाते. पहिल्यापासून सुरू करायला लागलो असतो तर एकही काम आयुष्यात संपलं नसतं. एकदम सगळं जाळं मात्र कधी थांबलं नव्हतं. काल थांबलं. मलाही बघायचं होतं, उठतंय का."

दुपारी जेवायच्या आधी ढीग निवडून झाला. बिबट्याचे फोटो बाजूला आले, कुठल्या ओढ्याने येतो आणि कुठल्या उसात शिरतो ते नकाशावर उमटलं. राहिलेल्या फोटोंत एकच पांढरी शेळी इतक्या वेळा होती, की पोरांनी तिलाही नाव देऊन टाकलं. मी मुद्दाम खुसपट काढायला ढिगातले फोटो स्वतः तपासले. चूक सापडली नाही. दोन ठिकाणी तर मी बिबट्या म्हटलं आणि ते वाळलेलं पाचट निघालं.

सुप्यापर्यंत सोडायला मंगलच आली. वाटेत मी तिला सरळ विचारलं, "तुला माहीत होतं ना मी कशी आहे? मला का येऊ दिलंस?"

"कॉलेजला एका नावावर हरकत घेता येते," ती म्हणाली. "प्राचार्य म्हणत होते, त्या बाईंचं नाव खोडू या, त्या तुमच्यावर जळतात. मी म्हटलं, म्हणूनच येऊ द्या. बाकीचे येतील, जेवतील, सही करतील आणि जातील. ती येईल ती वायरी उपटील."

"मी 'नाही' लिहिलं तर?"

"तर काहीतरी सापडलं म्हणून लिहिशील. उगाच लिहायची नाहीस." मग ती म्हणाली, "जळतेस, पण खोटं बोलत नाहीस. वर्गात होतो तेव्हाही बोलत नव्हतीस."

मी खिडकीबाहेर बघत बसले. 

पुणे

विद्यापीठातल्या बैठकीत मी 'हो' लिहिलेला अहवाल वाचला. जाळं पूर्ण दिवस बंद होतं, तेही त्यात लिहिलं. अध्यक्षांनी चष्मा काढला. "मॅडम, तुम्हीच लिहिलंय की तपासणीच्या वेळी सगळी यंत्रणा बंद पडली. मग शिफारस कशी करता?"

मी म्हटलं, "सर, आमचं थांबलं की संपतं. त्यांचं थांबलं की नुसतं थांबतं."

मान्यता मिळाली. दिवाळीनंतर अश्विनी माझ्या खोलीत आली, बदलीचा कागद पुढे ठेवला आणि खाली मान घालून उभी राहिली. मी सही केली. पेन जोरात दाबलं गेलं, कागद जरा फाटला.

"मॅडम, रागावलात?"

"हो," मी म्हटलं. "जा आता."

ती वाकून पाया पडली. दार ओढून घेतलं आणि जिना उतरताना तिचं फोनवर बोलणं सुरू झालं, तेच राजूरचं, टकळी लागल्यासारखं. मी ऐकत बसले. इतके दिवस मला वाटत होतं की मला मंगलचा हेवा वाटतो. तिची लॅब, तिची पोरं, तिचे पांढरे केस. ते सगळं वाटत होतंच, अजूनही वाटतं. पण त्या दिवशी त्या खोलीत जे आतून भाजत होतं ते मंगलसाठी नव्हतं. मला अश्विनीचा हेवा वाटत होता. तिला आता तिथे शिकायला मिळणार होतं, आणि मला त्या वयात असं शिकवणारं कुणी भेटलं नव्हतं.